परसातील ब्रोकोली : वाटणे, वापरणे आणि राखणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, वसंतपंचमीच्या कौटुंबिक मेळाव्यात डेहराडून येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवी वर्षात या व्यासपीठावरून बोलण्याची संधी मंडळाने मला दिली, हा मी माझा मोठाच सन्मान समजते. येथे आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर, शिवकालावर विद्वानांची भाषणे झाली. त्या मालिकेत आज एक भाजी येऊन बसणार, याचा मला संकोच वाटतो. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी भीतभीतच म्हटले, "ब्रोकोलीवर बोलू का?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बोला, पण टोपलीभर घेऊन या." त्यांच्या आज्ञेप्रमाणे टोपली दाराशी ठेवली आहे. तिच्याविषयी शेवटी सांगेन.

मी काही शेतीशास्त्राची अभ्यासक नाही. छत्तीस वर्षे शाळेत मुलांना गणित शिकविले आणि तितकीच वर्षे घराच्या मागच्या अंगणात भाजी लावली. १९७९ साली लग्न होऊन या गावी आले तेव्हा आमच्या घरात सहा माणसे होती. सासूबाई, सासरे, धाकटे दीर, त्यांचा एक आतेभाऊ आणि आम्ही दोघे. पुढे दोन मुले झाली. शिवाय रविवारी कोणी ना कोणी पानावर असेच. सर्वेक्षण कार्यालयात नाही तर तेल आयोगात नव्याने रुजू झालेला, नागपूर-साताऱ्याकडचा एखादा मुलगा, खानावळीच्या जेवणाला कंटाळलेला, पत्ता विचारीत यायचा. त्या घरासाठी वाफे आखले गेले. वांग्याचा एक, मुळ्याचा एक, फुलकोबीचे दोन. त्या वाफ्यांत जे पिके ते पुरत नसे.

आज त्या घरात आम्ही दोघे आहोत. मुलगा पुण्यास, मुलगी कॅनडात. वाफे मात्र तेवढेच आहेत. मला वाटते, येथे बसलेल्या पुष्कळ कुटुंबांची हीच कथा असेल. घर रिते झाले तरी हात जुन्याच मापाने पेरतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी ब्रोकोलीच्या बियांचे दहा ग्रॅमचे पाकीट आणले. मोहरीएवढे बी ते. एका ग्रॅममध्ये सुमारे तीनशे दाणे भरतात. म्हणजे त्या लहानशा पाकिटात तीन हजार झाडे झोपलेली होती. ह्यांनी भाद्रपदाच्या अखेरीस चिमूटभरच पेरले, पण चिमटीतही शंभरावर रोपे निघाली. जोमदार रोप उपटून टाकवत नाही, हा बागाईत करणाऱ्या प्रत्येकाचा दुबळेपणा आहे. शेजारीपाजारी वाटून, काही मरून, अठ्ठेचाळीस रोपे वाफ्यांत उभी राहिली.

आता गणित पाहा. एका झाडाचा मधला गड्डा सरासरी तीनशे ग्रॅमचा धरला तर अठ्ठेचाळीस झाडांचे चौदा किलोंहून अधिक झाले. एकाच दिवशी पेरलेली झाडे जवळपास एकाच पंधरवड्यात तयार होतात. खाणारी तोंडे दोन. गणिताच्या शिक्षिकेला हा हिशेब पेरण्यापूर्वी सुचू नये, याची मला आजही लाज वाटते.

त्या वर्षी काय झाले ते प्रांजळपणे सांगते. पहिला आठवडा आम्ही कौतुकात घालविला. दुसऱ्या आठवड्यात रोज तीच भाजी पानात पाहून हे गप्प बसू लागले. तिसऱ्या आठवड्यात फ्रीजमध्ये जागा उरली नाही, आणि होळीच्या सुमारास ऊन तापताच उरलेले गड्डे वाफ्यातच पिवळ्या फुलांनी फुलून गेले. दिसायला ते दृश्य सुंदर होते, मधमाश्या आल्या होत्या. परंतु भाजी संपली होती. निम्मे पीक खतखड्ड्यात गेले. ते टाकताना सासूबाईंची आठवण झाली. कोथिंबिरीच्या काड्यासुद्धा त्यांनी कधी टाकल्या नाहीत.

त्या फजितीतून जे शिकले, तेच आज आपल्यापुढे मांडणार आहे. थोडक्यात सांगायचे तर एवढेच. पीक अंगावर येते तेव्हा आपण पहिली धाव घेतो ती बरण्यांकडे आणि फ्रीजकडे. हा क्रम उलटा आहे. आधी वाटावे, मग आहे ते सगळे वापरावे, आणि या दोहोंतून जे उरेल तेवढेच राखावे.

प्रथम या पाहुणीची ओळख करून देते. ब्रोकोली हे नाव इटालियन आहे; कोबीच्या जातीच्या झाडाला येणारा फुलांचा तुरा, असा त्याचा अर्थ. कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि ब्रोकोली ही शास्त्रदृष्ट्या एकाच वनस्पतीची रूपे आहेत. कोणाचे पान माणसाने फुगविले, कोणाचे खोड, कोणाची फुले. आपल्या फोडणीतली मोहरीदेखील याच कुळातली. म्हणजे ब्रोकोलीला मोहरीची फोडणी देतो तेव्हा आपण दोन चुलत बहिणींची गाठ घालून देत असतो.

"ही साहेबांची भाजी, आपल्याला काय करायची?" असे पुष्कळ जण म्हणतात. त्यांना मी फुलकोबीची हकीकत सांगते. येथून शिवालिकची रांग ओलांडून खाली उतरले की सहारनपूर लागते. तेथील कंपनी बागेत १८२२ साली इंग्लंडमधील क्यू येथून आणलेले फुलकोबीचे बी प्रथम लावले गेले. तोवर या देशाला ती भाजी ठाऊक नव्हती. पुढे येथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून उष्ण हवा सोसणाऱ्या जाती तयार केल्या, आणि आज फ्लॉवर-बटाट्याच्या रश्श्याला कोणी परका म्हणत नाही. ब्रोकोलीही त्याच वाटेने येत आहे. कुलू खोऱ्यातील कटराई येथील संशोधन केंद्राने 'पुसा ब्रोकोली केटीएस-१' ही जात दिली. पालमपूरच्या कृषी विद्यापीठाने 'पालम समृद्धी' दिली. आपणही येथे बाहेरूनच आलो आणि रुजलो. नव्या रोपाला थोडा अवधी देण्यास आपली हरकत नसावी.

आता तिचा स्वभाव. गड्डा म्हणून आपण जे खातो, त्या शेकडो न उमललेल्या कळ्या असतात. झाडावरून कापल्या तरी त्यांचा श्वास चालूच असतो आणि उमलण्याची घाईही सुटत नाही. म्हणून बटाट्या-कांद्याप्रमाणे ही भाजी टोपलीत पडून राहत नाही. उबदार खोलीत दोन-तीन दिवसांत ती पिवळी पडू लागते. कळ्या घट्ट आणि गर्द हिरव्या असतानाच, सकाळच्या गारव्यात, चार-पाच बोटे दांडा ठेवून तिरका काप द्यावा, म्हणजे बुंध्यावर पाणी साचून तो कुजत नाही. कापलेला गड्डा ताबडतोब सावलीत आणि तेथून फ्रीजमध्ये न्यावा. पिकलेली केळी, सफरचंदे यांच्या शेजारी ठेवू नये. पिकत्या फळांतून जो वायू सुटतो, त्याने ब्रोकोली लवकर पिवळी पडते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मधला गड्डा काढला म्हणजे झाड संपले असे नाही. पानांच्या बगलांतून लहान लहान तुरे पुढे कित्येक आठवडे फुटत राहतात. पहिल्या वर्षी हे ठाऊक नसल्यामुळे आम्ही चार झाडे उपटली. यंदा त्याच तुऱ्यांवर आमचे घर चालले आहे. दोघांच्या एका वेळच्या भाजीस ते अगदी बेताचे होतात.

आता वाटण्याविषयी. वाटणे हे सोपे काम आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने जानेवारी महिन्यात या गावात भाजी वाटून पाहावी. जिथे पिकते तिथे विकत नाही, ही म्हण मला ठाऊक होती. फुकटही जात नाही, हे नव्याने कळले. ज्याच्या त्याच्या अंगणात मुळा, मटार, फुलकोबी यांची रेलचेल असते. त्यात ही अनोळखी. लोक सौजन्याने घेत आणि चार दिवसांनी त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात ती मला दिसे. तेव्हा लक्षात आले की नुसती भाजी देऊन भागत नाही. तिचे काय करायचे तेही द्यावे लागते. गेल्या वर्षापासून मी प्रत्येक गड्ड्याबरोबर एका भाजीची कृती कागदावर लिहून देते. शेजारच्या गढवाली वहिनींना दिली तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी उलट मला शिकविले. ब्रोकोलीची कोवळी पाने उकडून, वाटून, तांदळाच्या पिठाने दाटपणा आणून त्यांनी पालकाच्या काफुलीसारखी काफुली केली. मी पाने टाकून देत होते. त्यांनी तीच वाटीत घालून माझ्याकडे परत पाठविली.

येथून मी दुसऱ्या गोष्टीकडे वळते. सगळे वापरणे. ब्रोकोलीचा गड्डा तेवढा घ्यायचा आणि दांडा-पाने फेकायची, म्हणजे अर्ध्याहून अधिक झाड फेकायचे. दांड्याची जाड साल सोलली की आत फिकट हिरवा, कुरकुरीत गर निघतो; चव बरीचशी नवलकोलासारखी. तो किसून, दाण्याचे कूट, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर आणि वरून हिंग-जिऱ्याची फोडणी दिली की उत्तम कोशिंबीर होते. कोवळ्या पानांची ताकातली पातळभाजी करावी. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालावेत, बेसन लावावे. जरा जून पाने बारीक चिरून कोबीच्या वड्यांप्रमाणे वड्या कराव्यात. बेसन, थोडे तांदळाचे पीठ, ओवा, तीळ, तिखट, मीठ घालून घट्ट मळावे, वळकट्या वाफवून कापाव्यात आणि तव्यावर थोड्या तेलात परताव्यात. तुऱ्यांची पीठ पेरून केलेली भाजी आमच्या घरी आता सर्वांत आवडती आहे.

शिजविताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले, ती फार शिजवू नये. पाच-सहा मिनिटांपलीकडे गेली की हिरवा रंग मळकट होतो आणि गंधकासारखा उग्र वास सुटतो. ब्रोकोलीची नालस्ती करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो वासच घेतलेला असतो. दुसरे, लिंबू, चिंच किंवा आमसूल शिजताना घालू नये; आंबटाने हिरवेपणा जातो. लिंबू पानात पिळावे. आपल्यापैकी जे वॉरफरीनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध घेत असतील, त्यांनी मात्र पीक आले म्हणून एकदम रोज वाडगाभर खाण्यास आरंभ करू नये. या भाजीत के जीवनसत्त्व पुष्कळ असते आणि त्याचा त्या औषधाशी विरोध येतो. डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे.

वाटून आणि खाऊन जे उरले, ते राखण्याचे तीन मार्ग मी अनुभवाने सांगू शकते.

पहिला मार्ग फ्रीजरचा. तुरे सुटे करून, लिटरभर पाण्यात चहाचा चमचाभर मीठ या प्रमाणात अर्धा तास बुडवून ठेवावे, म्हणजे आत दडलेल्या हिरव्या अळ्या आणि मावा बाहेर पडतो. नंतर धुऊन घ्यावे. मोठ्या पातेल्यात अर्ध्या किलो भाजीला चार लिटर या मानाने पाणी खळखळून उकळावे आणि तुरे त्यात बरोबर तीन मिनिटे ठेवावेत. लगेच काढून तीन मिनिटे बर्फाच्या पाण्यात घालावेत. ही तीन मिनिटे चुकवू नयेत. भाजीतील विकरे गोठल्यानंतरही हळूहळू काम करीत राहतात आणि रंग, चव, पोत बिघडवितात. उकळत्या पाण्याने ती निकामी होतात. पहिल्या वर्षी मी कच्चेच तुरे कोंबले होते. दोन महिन्यांनी त्यांना गवताची चव आली. गार झालेले तुरे पंचावर पसरून कोरडे करावेत, ताटात सुटे ठेवून गोठवावेत आणि मग पिशवीत भरून, हवा दाबून काढून, वर तारीख लिहावी. उणे अठरा अंशांचा फ्रीजर असेल तर दहा-बारा महिने चांगले राहतात. जुन्या एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तेवढी थंडी नसते; तेथे ठेवलेले काही आठवड्यांतच संपवावे. वापरताना वितळवीत बसू नये. गोठलेले तसेच कढईत टाकावे.

दुसरा मार्ग उन्हाचा, आणि तो आपल्या आजीचा आहे. दांड्याचा कीस आणि चिरलेली पाने यांचे मी सांडगे घालते. वाटीभर मुगाची डाळ चार-पाच तास भिजवून, पाणी न घालता भरड वाटावी. त्यात दोन वाट्या कीस घट्ट पिळून घालावा. तिखट, जिरे, हिंग घालावे; मीठ हात राखून घालावे, कारण वाळल्यावर सांडगा लहान होतो आणि खारटपणा तेवढाच राहतो. माघाच्या अखेरीस आपल्याकडे ऊन चांगले असते, पण मधूनच आभाळ भरते आणि पाऊस येतो. म्हणून चार दिवस स्वच्छ दिसतील तेव्हाच घालावेत. वरून पातळ कापड टाकावे, संध्याकाळी आत घ्यावेत. हातात घेऊन हलविले असता खडखडले पाहिजेत. किंचित दमटपणा राहिला तर बुरशी धरते.

हे सांडगे वाळत असताना एक गंमत झाली. आमच्याकडे काम करणाऱ्या कुमाऊँनी बाई ते पाहून म्हणाल्या, "अरे, ही तर बडी!" त्यांच्याकडे उडदाची डाळ आणि कोहळा यांच्या बड्या घालतात. आपणही कोहळ्याचे सांडगे घालतोच. हजार मैलांच्या अंतरावर दोन आज्यांनी एकच युक्ती काढली होती, कारण दोघींनाही कोहळा एकदमच मिळत होता आणि पावसाळा दोघींच्याही दाराशी येत होता.

तिसरा मार्ग लोणच्याचा. हे वर्षाचे लोणचे नव्हे. फ्लॉवर-गाजराच्या लोणच्याप्रमाणे दोन-तीन आठवड्यांचे आहे. एक किलो लहान तुरे आणि सोललेल्या दांड्याच्या फोडी मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढून, फडक्यावर पसरून पूर्ण कोरड्या कराव्यात. ऐंशी ग्रॅम मीठ, साठ ग्रॅम मोहरीच्या डाळीची पूड, बेताचे तिखट, हळद, हिंग आणि दहा-बारा रसदार लिंबांचा रस घालावा. दीड वाटी तेलाची फोडणी करून, ती पूर्ण गार झाल्यावर ओतावी. फ्रीजमध्येच ठेवावे. लिंबाच्या रसात काटकसर करू नये, कारण त्या आंबटपणावरच त्याचा टिकाऊपणा आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हा विषय निवडला, ती सांगते. सांगताना आजही माझा हात गार पडतो.

गेल्या वर्षी मुलगा, सून आणि सव्वा वर्षाचा नातू महिनाभर आले होते. आजीच्या अंगणातली भाजी पुण्याला जावी अशी मला हौस. मी तुरे मीठपाण्यात उकडले, काचेच्या पाच बरण्यांत भरले, वर तेलाचा थर दिला आणि झाकणे गच्च लावून कपाटात ठेवले. कैरीच्या लोणच्यावर तेल राहते आणि ते वर्षभर टिकते. मग हे का टिकू नये, असा माझा तर्क. बारा दिवसांनी, त्यांच्या निघण्याच्या आदल्या रात्री, दोन बरण्या सुनेने सामानात बांधल्या होत्या. शेजारी एक बाई राहतात. त्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत असत. त्या निरोप द्यायला आल्या. ओट्यावरच्या एका बरणीचे झाकण किंचित फुगलेले होते. मी ते उघडून वास घेणार, तोच त्यांनी माझा हात धरला. "उघडू नका," त्या म्हणाल्या, "आणि चवही घेऊ नका."

मग त्यांनी समजावून सांगितले. मातीत एक जिवाणू असतो. त्याची बीजे साध्या उकळण्याने मरत नाहीत. कैरी, लिंबू यांच्या आंबटपणात ती वाढू शकत नाहीत. परंतु ब्रोकोली, मटार, फरसबी यांसारख्या आंबट नसलेल्या भाज्या शिजवून, हवा बंद करून, घरातल्या उबेत ठेवल्या की त्यांना हवी तशी जागा मिळते. तेलाचा थर हवा रोखतो, म्हणजे त्या जिवाणूची सोयच करतो. त्यातून जे विष तयार होते त्याला पुष्कळदा ना वास असतो, ना चव. झाकण फुगेलच असेही नाही. थोडक्या विषानेही अंग लुळे पडते, श्वास थांबतो. कारखान्यांत अशा भाज्यांचे डबे दाबाखाली, उकळत्या पाण्याहून पुष्कळ अधिक उष्णतेवर तयार करतात. आपल्या पातेल्यात ते होत नाही, आणि ब्रोकोली ही घरी डबाबंद करण्याची भाजीच नव्हे.

सामान पुन्हा उघडले. पाचही बरण्या न उघडता पिशव्यांत बांधून मुलांच्या, जनावरांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी टाकल्या. त्या बरण्यांत खरोखर विष होते की नाही, हे कोणी तपासले नाही. तपासण्याची मला गरजही वाटली नाही. नातू त्या वेळी बैठकीत झोपला होता. त्या रात्री मी त्याच्या शेजारी बराच वेळ बसून होते.

भगिनींनो, प्रेमाने भरलेल्या बरणीलाही शास्त्राचे नियम लागू असतात. आपल्या आज्यांनी कैरी मुरविली, मिरच्या वाळविल्या, सांडगे घातले. परंतु उकडलेली भाजी तेलाखाली दडवून कपाटात ठेवली नाही. जुन्या रीतींत काय केले जात होते, तेवढेच आपण पाहतो. काय केले जात नव्हते, तेही पाहिले पाहिजे. मी जुन्या रीतीचा बाहेरचा आकार उचलला आणि तिचे कारण मागे ठेवले. एवढी एक गोष्ट आपण येथून नेलीत तर आजच्या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन: उकडलेली भाजी पाण्यात किंवा तेलात बंद करून फ्रीजबाहेर ठेवू नका.

आता यंदाचे सांगते. ह्यांच्याशी बरीच वादावादी झाली. मी म्हटले, दोघांना आठ झाडे पुरेत. हे म्हणाले, "आठ झाडे म्हणजे काय बाग झाली?" त्यांच्या त्या एका वाक्यात काय होते ते मला कळले. वाफा अर्धा रिकामा दिसला की घरही रिकामे दिसते. शेवटी तडजोड झाली. आठ झाडे पहिल्या पंधरवड्यात लावली, आठ दुसऱ्या, आठ तिसऱ्या. गड्डे एकदम न येता हप्त्याहप्त्याने येत आहेत. चोवीसांपैकी आठ झाडांचे पीक आमचे. उरलेली सोळा पेरतानाच आपल्या सर्वांच्या नावाची ठरविली. आधी पिकवून मग घेणारा शोधण्याऐवजी, घेणारा मनात धरून पेरणे, हा उपाय इतका सोपा होता की तो सुचायला आम्हांला दोन वर्षे लागली.

जुने सभासद सांगतात की या मंडळाच्या आरंभीच्या काळात, सभागृह नव्हते तेव्हा, सभा कोणाच्या तरी अंगणात भरे आणि येताना कोणी अळूची पाने आणी, कोणी कढीलिंबाचा टाळा, कोणी गावाहून आलेले आमसूल. त्या देवघेवीची वही कोणी ठेवली नाही, म्हणून ती आपल्या इतिहासात येत नाही. माझी कार्यकारिणीला एकच नम्र सूचना आहे. दर महिन्याच्या सभेला दाराशी एक रिकामी टोपली ठेवावी. ज्याच्याकडे जे अधिक असेल ते त्याने तिच्यात घालावे, ज्याला हवे त्याने न्यावे. खर्च काही नाही, ठरावही नको.

आजचा आरंभ मी केला आहे. टोपलीत चौदा गड्डे आहेत, आज पहाटेच कापलेले. प्रत्येकाच्या देठाला कृतीचा कागद बांधला आहे.  जाताना गड्डा न्यायला विसरू नये, आणि त्याची पाने टाकू नयेत.